मग्गा एक, औषधं दोन : घरच्या स्विमिंग पूलमध्ये रसायनं टाकताना

मागच्या एप्रिलात भर दुपारी माझ्या हातातल्या मग्ग्यातून धूर निघाला. कर्जतजवळ मावसभावाचं शेतघर आहे, त्याला आठ बाय चार मीटरचा पूल आहे. भाऊ परदेशात असतो, त्यामुळे पूल बघायचं काम माझ्याकडे आणि तिथं राहून बाग सांभाळणाऱ्या काकांकडे. त्या दिवशी पंपाच्या खोलीत मी एका डब्यातून नव्वदवालं क्लोरीन मग्ग्यात घेतलं, वजन करून पिशवीत काढलं आणि मग त्याच मग्ग्यात दुसऱ्या डब्यातलं पासष्टवालं ओतलं. तळाशी चमचाभर जुनी भुकटी चिकटलेली होती, ती थोडी ओलसर होती. आधी फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला, मग पिवळट वाफ आली, आणि घसा असा आवळला की मग्गा तिथंच टाकून मी बाहेर पळाले. डबा मग्ग्यावर ओतला होता, मग्गा डब्यात बुडवला नव्हता, म्हणून चमचाभरावर निभावलं. उलटं केलं असतं तर पूर्ण डबाच पेटला असता.

पूलच्या रसायनांबद्दल लोक विचारतात ते असं : इतकं क्लोरीन अंगाला चालतं का, मुलांच्या डोळ्यांना त्रास होईल का? प्रश्न चुकीचे नाहीत. पण पूलच्या पाण्यात मिसळलेलं क्लोरीन लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम असतं. खरा धोका त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत असतो, डब्यात, मग्ग्यात आणि बादलीत. म्हणून हा लेख मुख्यतः त्या पाच मिनिटांबद्दल आहे.

दोन्ही क्लोरीनच, मग भांडतात का?

बाजारात ‘क्लोरीन’ या एकाच नावानं चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पासष्टवालं, म्हणजे पासष्ट टक्के क्लोरीन देणारं, कॅल्शियम हायपोक्लोराइट. नव्वदवालं, म्हणजे नव्वद टक्क्यांचं, ट्रायक्लोर, दुकानदार त्याला टीसीसीए म्हणतात. ते भुकटीत मिळतं तसं वड्यांतही मिळतं. कॅनमधलं पिवळसर पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बोलीत नुसतं ‘हायपो’. आणि चौथी आपली जुनी ओळखीची ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीची टीसीएल.

पासष्टवालं पाण्यात गेलं की पाणी अल्कधर्मी करतं, हायपोही तसंच. नव्वदवालं मात्र चांगलंच आंबट असतं. हे दोन्ही पदार्थ जोरदार ऑक्सिडायझर आहेत, म्हणजे दुसऱ्याला जाळायला कायम तयार. ते कोरडे किंवा किंचित ओले असताना एकमेकांना भेटले, की उष्णता तयार होते, क्लोरीन वायू सुटतो आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा स्फोटक पदार्थ बनू शकतो. तेच दोघे आमच्या पूलच्या त्रेचाळीस हजार लिटर पाण्यात विरघळून भेटले तर काही होत नाही, कारण उष्णता घ्यायला पाणी भरपूर असतं आणि कण एकमेकांपासून लांब असतात. दोन औषधांची गाठ पडायचीच असेल तर ती पूलमध्येच पडली पाहिजे. बाकीचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून निघतात.

पाण्याचा अल्कधर्मीपणा उतरवायला पूलमध्ये अ‍ॅसिडही टाकावं लागतं, त्याचं तर आणखी सरळ आहे. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि कुठलंही हायपोक्लोराइट एकत्र आलं की थेट क्लोरीन वायू. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर सोडला होता तोच. हवेपेक्षा तो अडीचपट जड असल्यानं जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. आपल्याकडे पंपाची खोली बहुतेक वेळा जमिनीच्या खाली दोन पायऱ्या उतरूनच असते, हे लक्षात घ्या. बाथरूममध्ये टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतून गुदमरलेली माणसं आपण ऐकलेली असतात. तीच गोष्ट इथं, फक्त बाटलीच्या जागी कॅन.

आधी आकडा, मग औषध

‘दोन मुठी टाका’ हे आमच्याकडे बरीच वर्षं चाललेलं प्रमाण होतं. मुठी काकांच्या की माझ्या, हे कुणी विचारलं नव्हतं.

हिशेब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. आमचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ टोकाला ०.९ आणि खोल टोकाला १.८ मीटर, म्हणजे सरासरी १.३५. गुणाकार ४३.२ घनमीटर, साधारण ४३ हजार लिटर. आता पीपीएम म्हणजे काय, तर हजार लिटरमागे एक ग्रॅम. म्हणजे आमच्या पूलमध्ये क्लोरीन एका पीपीएमनं वाढवायला ४३ ग्रॅम शुद्ध क्लोरीन हवं. पासष्ट टक्केवालं घेतलं तर ६६ ग्रॅम, नव्वदवालं ४८ ग्रॅम, दहा टक्क्यांचं ताजं हायपो असेल तर ४३० मिलिलिटर. ४३ हा आकडा काकांनी पंपाच्या खोलीच्या दारावर आतून ऑइलपेंटनं लिहून ठेवला आहे. तुमचा आकडा काढा आणि तुम्हीही लिहा. वजनासाठी स्वतंत्र काटा ठेवा, स्वयंपाकघरातला आणायचा नाही.

पाण्यात हवं किती? मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच (पाणी किती आंबट किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी (तिचं पुढे सांगते) ८० ते १२० पीपीएम. हे तीन आकडे आठवड्याला मोजायला हवेत. लोक पोहत असतील तर क्लोरीन आणि पीएच रोज.

मोजायला ग्रामपंचायतीत वापरतात ती पिवळा रंग येणारी ओटी टेस्ट अनेक जण आणतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही एवढं ती सांगते, पण मोकळं क्लोरीन आणि घाम-लघवीशी बांधलं गेलेलं क्लोरीन यांतला फरक तिला नीट कळत नाही. पूलसाठी डीपीडीचं किट घ्या, त्यात पाणी गुलाबी होतं. त्यातही एक मेख आहे. क्लोरीन फारच जास्त झालं तर ते डीपीडीचा रंगच उडवून टाकतं आणि नळीतलं पाणी पांढरं स्वच्छ दिसतं. माणूस म्हणतो शून्य आहे आणि आणखी औषध ओततो. रंग क्षणभर चमकून गेला असेल किंवा शून्य पटत नसेल, तर नमुन्यात क्लोरीन नसलेलं तेवढंच पाणी मिसळून पुन्हा बघा आणि आलेला आकडा दुप्पट करा.

पीएच का सांभाळायचा

क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतं, एक जंतू झपाट्यानं मारणारं, दुसरं आळशी. कुठलं रूप किती, हे पीएच ठरवतो. पीएच ७.२ असेल तर साधारण दोन तृतीयांश कामाचं, ७.५ ला निम्मं, ८ झाला की जेमतेम पाव. म्हणजे पीएच आठवर नेऊन ठेवला की क्लोरीनचे तीन चतुर्थांश पैसे नुसते पाण्यात. आणि डोळे झोंबतात, वास येतो तेव्हा ‘क्लोरीन जास्त झालंय’ असं लोक म्हणतात; बहुतेक वेळा ते उलट असतं. तो उग्र वास क्लोरामाइनचा, म्हणजे घाम आणि लघवीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा. त्यावर उपाय क्लोरीन वाढवणं हाच असतो. एकूण क्लोरीनमधून मोकळं वजा करायचं, उरेल त्याच्या दहापट मोकळं क्लोरीन एकदाच द्यायचं. आमच्याकडे एकूण ३ आणि मोकळं २ आलं तर उरलं १, म्हणजे १० पीपीएमचा डोस, साधारण ६६० ग्रॅम पासष्टवालं. ते एका बादलीत कोंबायचं नाही, लागोपाठ तीन-चार बादल्यांत द्यायचं. आणि आकडा चारच्या खाली येईपर्यंत पाण्यात कुणी उतरायचं नाही, अंघोळ करून आलेल्या पाहुण्यांनीही नाही.

सोड्याच्या बाबतीत आमच्याकडे एकदा गंमत झाली. अल्कलिनिटी साठवर आली होती. मी फोनवर सांगितलं, तीन पाकिटं सोडा आणा. काकांनी धुण्याचा सोडा आणला. मी म्हटलं, हा नाही, खाण्याचा. “ताई, सोडा तो सोडाच ना?” नाही. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा अ‍ॅश, पीएच झटकन वर नेतो. खाण्याचा सोडा अल्कलिनिटी वाढवतो आणि पीएचला फारसा हात लावत नाही. अल्कलिनिटी म्हणजे पीएचला धरून ठेवणारी गादी. ती पातळ झाली की थोड्याशा अ‍ॅसिडनंही पीएच उड्या मारतो. खाण्याचा सोडा हजार लिटरमागे १७ ग्रॅम घातला की ती १० पीपीएमनं वाढते, आमच्या पूलला सव्वासातशे ग्रॅम. साठवरून ऐंशीवर जायला दीड किलो लागला. किराणा दुकानदारानं विचारलं म्हणे, ढोकळ्याची ऑर्डर आहे का?

क्रम असा ठेवा : आधी अल्कलिनिटी, मग पीएच, शेवटी क्लोरीन. अ‍ॅसिड आणि क्लोरीन यांच्यात निदान चार तास पंप चालू राहू द्या. मी अ‍ॅसिड सकाळी देते आणि क्लोरीन सूर्य मावळल्यावर, कारण उघड्या पूलमधलं क्लोरीन दुपारच्या उन्हात बघता बघता उडून जातं.

प्रत्यक्ष बादली

पीएच आठला टेकलाय आणि अ‍ॅसिड द्यायचंय असं धरा. सकाळी सात वाजता मी असं करते.

पंप चालू. पाण्यात कुणी नाही, कुत्राही नाही. ओढणी काढून ठेवायची, पायात चपला नकोत, बूट. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना चारी बाजूंनी बंद चष्मा; नुसता नंबरचा चष्मा पुरत नाही. तोंडाला रुमाल बांधून वायू अडत नाही, त्यापेक्षा वारा कुठून येतोय ते बघून तो पाठीशी घ्यायचा.

दहा-बारा लिटरची प्लास्टिकची बादली आधी पूलच्या पाण्यानं पाऊण भरायची. मग त्यात तीनशे मिलिलिटर अ‍ॅसिड, बादलीच्या कडेनं, हळू. आधी पाणी, मग अ‍ॅसिड, कधीच उलट नाही. अ‍ॅसिडवर पाणी ओतलं तर पहिला थेंब जागच्या जागी तापतो आणि उसळून तोंडावर येतो. भुकटीलाही हेच लागू : पाण्यात भुकटी शिंपडायची, भुकटीवर पाणी ओतायचं नाही. मग बादली पाण्याच्या अगदी जवळ धरून, खोल टोकाच्या कडेनं चालत चालत बारीक धार सोडायची, शक्यतो पाणी परत येतं त्या तोंडाजवळ. उंचावरून ओतलं की शिंतोडे उडतात, आणि शिंतोडा बरोबर डोळाच शोधतो. रिकामी बादली पूलमध्येच बुडवून विसळायची. चार तासांनी पुन्हा मोजायचं. कमी पडलं तर पुन्हा तीनशे. एकदम लिटरभर टाकून पीएच साडेसहावर नेला तर मग सोडा, मग परत अ‍ॅसिड, असा खेळ चार दिवस चालतो.

पासष्टवालं देताना बादली वेगळी. आमची अ‍ॅसिडची निळी, क्लोरीनची पांढरी, मग्गेही तसेच. भुकटी पाण्यात घालून प्लास्टिकच्या दांड्यानं ढवळायची, अर्धा तास ठेवायची. तळाशी चुन्यासारखा गाळ बसतो, वरचं निवळ पाणी पूलमध्ये. फरशी किंवा लायनरवर कोरडी भुकटी बसली तर तिथं रंग उडून पांढरा डाग पडतो, तो जात नाही.

नव्वदवाल्या वड्या तरंगत्या डब्यात घालतात, आणि त्या फार सोयीच्या असतात. त्या सोयीतच पेच आहे. ट्रायक्लोरबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिड येतं, जे क्लोरीनला उन्हापासून छत्री धरतं. ते ३० ते ५० पीपीएम असावं. पण क्लोरीन खर्च होतं आणि छत्री तशीच राहते : दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक साचतं. रोज एक पीपीएम दिलं तर महिन्याला अठरा. तीन महिन्यांत छत्री एवढी जाड होते की क्लोरीन किटमध्ये दिसतं, काम करत नाही आणि पाणी हिरवं पडतं. औषधानं ते निघत नाही, पाणीच बदलावं लागतं. म्हणून आम्ही वड्या फक्त घर बंद असतं तेव्हा वापरतो. कोकणपट्टीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : जून ते सप्टेंबर पूल ओसंडून वाहतो, आणि साचलेलं बरंचसं सायन्युरिक पाऊस फुकटात धुऊन नेतो. जाताना अल्कलिनिटीही नेतो, म्हणून पाऊस थांबला की खाण्याचा सोडा लागतोच. (पाणी बदलायचं म्हणून ऐन पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका, खालचं भूजल रिकाम्या टाकीला उचलतं आणि तळ तडकतो.)

क्लोरीन सोडायच्या ज्या यंत्रात किंवा तरंगत्या डब्यात कधी नव्वदवालं घातलं असेल, त्यात पासष्टवालं कधीच घालू नका, धुऊनसुद्धा नाही. मोरचूद टाकायचा सल्ला द्राक्षबागायतदार पाहुणे हमखास देतात. शेवाळ मरतं खरं, पण तांबं भिंतीवर डाग पाडतं आणि पांढऱ्या-सोनेरी केसांना हिरवट झाक आणतं. गढूळ पाण्याला तुरटी चालते, पण तिनं पीएच खाली येतो आणि तळाचा गाळ व्हॅक्यूम मारून काढावा लागतो.

खोलीत काय शेजारी ठेवायचं नाही

शेतघराची अडगळीची खोली हा सगळ्यात वाईट भाग. एका फळीवर क्लोरीन, खाली गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल, बाजूला रंगाचा थिनर आणि कोपऱ्यात युरियाची अर्धी गोणी. पासष्टवालं तेल, पेट्रोल, थिनर यांच्यापैकी कशालाही लागलं की आपोआप पेट घेऊ शकतं, काडी लागत नाही. युरिया किंवा अमोनियाची खतं क्लोरीनला भेटली की पुन्हा तोच स्फोटक नायट्रोजन ट्रायक्लोराइड. आम्ही खतं गोठ्याकडे हलवली. क्लोरीन कोरड्या, सावलीच्या जागी. अ‍ॅसिड वेगळ्या खोलीत, जमिनीवर, म्हणजे गळलं तर कशावर सांडणार नाही. हायपोच्या कॅनचं झाकण वायू जायला भोक असलेलंच ठेवा. घट्ट बूच मारलेला कॅन उन्हाळ्यात फुगतो. त्याचा साठाही करू नका, एप्रिलच्या गरमीत त्याची ताकद महिन्याभरात चांगलीच उतरते.

अ‍ॅसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत देणारा विक्रेता आला तर परत पाठवा. १८ जुलै २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीची नोंदवही ठेवावी लागते, ओळखपत्र बघावं लागतं, अठरा वर्षांखालच्याला देता येत नाही. कायद्याचं राहू द्या, पण तहानलेला पोरगा फ्रिजजवळ ठेवलेली बाटली उचलतो तेव्हा त्यावरचं लेबल पाण्याचंच असतं.

सांडलेली भुकटी झाडून परत डब्यात टाकू नका आणि ओल्या कचऱ्यातही नाही. प्लास्टिकच्या कोरड्या सुपलीनं उचलून पूलच्या पाण्यात विरघळवा. अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी. वर सोडा चोळायचा नाही, त्यानं उष्णता वाढते. वायू सुटला तर बाहेर, वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर. छातीत जळजळ थांबली तरी डॉक्टरांना दाखवा, फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. गरज पडली तर १०८. डबा धुमसायला लागला तर विझवायला जाऊ नका. मोटारीतलं आग विझवायचं भुकटीचं लाल सिलिंडर तर अजिबात नको, त्यातल्या बहुतेक भुकटीत अमोनियाचं मीठ असतं आणि ते क्लोरीनला आणखी भडकवतं. सगळ्यांना बाहेर काढून १०१ ला फोन करा आणि डब्यावरचं नाव वाचून सांगा.

त्या एप्रिलातला मग्गा मी दोन तासांनी जाऊन बघितला. तळ वितळून वाकडा झाला होता. काकांनी तो फेकला नाही. क्लोरीनच्या फळीवर खिळ्याला उलटा टांगलाय, आणि नवा माळी आला की आधी तो दाखवतात.